आज नाक कोण?

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. हॉल डोंबिवली पूर्वेला, आणि जेवायला बुफे, म्हणजे रिकाम्या ताटाने भिकाऱ्यासारखं रांगेत उभं राहणं आलंच. माझ्या पुढे सुटाबुटातला एक तरुण होता. त्याने मसालेभाताचं झाकण उचललं, पण वाकून वास घेतला नाही. मान जरा मागे ठेवली आणि उजव्या हाताचा पंजा भातावरून स्वतःच्या नाकाकडे दोनदा फिरवला, निरांजनावरून आरती घेतात तसा.

मी मागून विचारलं, "काय रे, म्हात्रे बाईंचा विद्यार्थी का?"

तो चमकून वळला. "हो सर! पण तुम्ही कसं ओळखलंत?"

ओळखायला काय लागतं? आमच्या शाळेतून बाहेर पडलेली माणसं आज कुठे कुठे आहेत. कोणी ठाण्याच्या कोर्टात वकील आहे, कोणी मानपाड्याच्या बाजूला कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, कोणी परदेशात आहे. पण दुधाचं पातेलं असो, नवं अत्तर असो की तान्ह्या बाळाचं दुपटं असो, कोणीही नाक खुपसून वास घेणार नाही. सगळे आधी हाताने वारा घालणार. मी त्याच शाळेत मराठी शिकवत इतकी वर्षं घालवली, पण माझी एखादी कविता कोणाच्या अशी अंगात मुरलेली मला अजून दिसायची आहे.

सुनंदा म्हात्रे म्हणजे आमच्या रसायनशास्त्राच्या बाई. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, पदर कायम कमरेला खोचलेला. साडीच्या निऱ्यांवर बारीक बारीक भोकं पडलेली असायची, ॲसिडाचे थेंब उडून. ती भोकं बाई हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्याने रफू करायच्या आणि कोणी बघतंय असं वाटलं की सांगायच्या, "बुट्टे आहेत. ऑर्डर देऊन पाडून घेतलेत." त्यांचं माहेर मानपाड्याजवळच्या गावातलं. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता कारखान्यांच्या चिमण्या आहेत. आजी खाडीकडच्या मिठागरात मीठ ओढायची. बाई वर्गात आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या, पण संताप आला किंवा माया दाटली की घरची आगरी बोली बाहेर यायची. पोरांना त्यावरून हवामान कळायचं.

दरवर्षी दहावीच्या वर्गात त्या पहिल्या दिवशी मिठाची पुडी घेऊन यायच्या आणि एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवायच्या. "प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही, म्हणून इथेच चाखा. माझ्या आजीनं जन्मभर हे ओढलं. ह्याच्यातून काय काय निघतं ते तिला कोणी सांगितलं नाही. तुम्हाला मी सांगणार, आणि नुसतं सांगणार नाही, काढायला लावणार."

काढायला लावणार, ह्या शब्दावर त्या आयुष्यभर ठाम राहिल्या. प्रयोग बाईंनी करायचा आणि पोरांनी टाळ्या वाजवायच्या असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. वर्गात कितीही पोरं असोत, प्रत्येकाने परीक्षानळी हातात धरलीच पाहिजे. त्यापायी तासिका लांबून पुढच्या तासात घुसायची. पुढचा तास बहुतेक वेळा माझा असायचा. मी दारात उभा राहून खाकरलो की आतून आवाज यायचा, "सावंत सर, तुमचे कवी वारलेत, त्यांना घाई नाही. माझा हायड्रोजन निघून चाललाय!"

बाईंचा एक नियम सगळ्या शाळेला पाठ होता. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. थोडं थोडं, ढवळत. हा नियम त्यांनी प्रयोगशाळेपुरता ठेवला नाही. एकदा एक पालक कमी गुणांवरून लालबुंद होऊन स्टाफरूममध्ये शिरले आणि दारातूनच सुरू झाले. बाई शांतपणे उठल्या, माठातलं पाणी पेल्यात भरलं आणि त्यांच्या हातात दिलं. "आधी पाणी घ्या. संपवा सगळं. आता तुमचं ॲसिड त्यात थोडं थोडं घाला, मी ऐकते." त्या गृहस्थांना एकदम हसू आलं, आणि हसू आलेल्या माणसाला भांडता येत नाही. पुढे ही आमच्या स्टाफरूमची रीतच झाली. कोणी तावातावाने आत आलं की कोणीतरी मुकाट्याने माठाकडे जायचं.

आणि बाईंचं नाक! कारखान्यांच्या कुशीत वाढलेलं ते नाक होतं. मधल्या सुट्टीत गच्चीवर उभ्या राहून त्या हाताने वारा घ्यायच्या आणि सांगायच्या, "आज व्हिनेगर. वारा पूर्वेचा आहे." आम्हाला सगळा एकच डोंबिवलीचा वास यायचा. डोंबिवलीकराला त्याची इतकी सवय की दोन दिवस आला नाही तर तो काळजीत पडतो. बाईंना मात्र त्यात वेगवेगळी माणसं ओळखू यायची.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाई आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, शाळा उघडली, बाई आल्या. एके दिवशी आमच्या शिपायाने नासक्या दुधाचा चहा आणला. कप तोंडाशी नेताच आम्ही सगळ्यांनी खाली ठेवले. बाईंनी नेहमीसारखा कपावरून हात फिरवला आणि शांतपणे चहा पिऊन टाकला. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"बघताय काय? वास गेलाय," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात येईल कधीतरी. माझ्या आधी माझं नाक रिटायर झालं."

मला फार वाईट वाटलं. गवयाचा कान जावा तसंच होतं ते. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "हेडसरांना सांगून प्रात्यक्षिकं दुसऱ्या कोणाला द्या. किंवा व्हिडिओ दाखवा. हल्ली सगळं असतं त्यात."

"आणि क्लोरीन काय स्क्रीनला नाक लावून हुंगायचा पोरांनी? नाय जमायचं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दहावीच्या वर्गाला सरळ सांगून टाकलं. मला वास येत नाही, वायू तर सुटणार, तेव्हा रोज एकाने माझं नाक व्हायचं. हजेरीपटाच्या क्रमाने. तेव्हापासून प्रात्यक्षिकाची सुरुवात एकाच प्रश्नाने व्हायला लागली, "आज नाक कोण?" ज्याची पाळी असेल तो ऐटीत बाईंच्या शेजारी उभा राहायचा. मान मागे, हाताने वारा, आणि मोठ्याने सांगायचं. फक्त 'घाण' किंवा 'छान' म्हटलेलं चालायचं नाही.

"घाण हे उत्तर नाही. कशासारखा ते सांग."

मग पोरं डोकं खाजवायची. "बाई, सहलीच्या बसमध्ये डब्यातली उकडलेली अंडी उघडतात तसा." "बाई, फटाका वाजून गेल्यावरचा, पण घशात अडकणारा." "बाई, सांगू का? स्टेशनच्या मुतारीसारखा." वर्ग हसायचा, बाई गंभीरपणे म्हणायच्या, "बरोबर. अमोनिया. हसताय काय, बरोबर सांगितलंय त्यानं." माझ्या निबंधाच्या वहीत 'आल्हाददायक' आणि 'निसर्गरम्य' ह्यांच्यापलीकडे न जाणारी हीच पोरं. मला बाईंचा रागच यायचा.

त्या वर्षी मिठाच्या प्रयोगाला नाक होती सानिका. दोन वेण्यांची, बडबडी मुलगी. प्रयोग अगदी घरगुती. प्लॅस्टिकच्या डब्यात मिठाचं पाणी, त्यात चिमूटभर हळद, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि एक चौकोनी बॅटरी. तारा जोडल्या की एका पेन्सिलीभोवती पिवळं पाणी कुंकवासारखं लाल होतं, कारण तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो. दुसऱ्या पेन्सिलीपाशी बारीक बुडबुडे येतात. बाईंनी खिडक्या सताड उघडल्या, सानिकाला पुढे घेतलं. सानिकाने हात फिरवला, नाक आक्रसलं आणि म्हणाली, "बाई, आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी धुतात ना, त्या दिवशीच्या पाण्यासारखा."

"शाब्बास. हा क्लोरीन. भाताच्या मिठात झोपलेला असतो, विजेनं उठवला. हवेपेक्षा जड, खाली बसतो. वाटेत भेटला तर काय करायचं?"

"वर जायचं, बाई! रुमाल ओला करायचा!" वर्ग ओरडला.

पुढे हिवाळ्यात, एका दुपारी, कुठल्यातरी कारखान्यातून वायू सुटला. कुठला ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आधी रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला, मग घंटा, मग माइकवर हेडसरांचा आवाज, "सर्व वर्गांनी शिस्तीत मैदानावर यावं." आमची कवायतच तशी बसवलेली होती. आग असो, भूकंप असो, मैदानावर यायचं. मी नववीला रांगेत घेऊन जिन्याकडे निघालो.

जिन्याच्या मधोमध म्हात्रे बाई उभ्या होत्या. मागे दहावीचा वर्ग. त्या दिवशी नाक व्हायची पाळी कोणाची होती देव जाणे, पण बाईंनी सानिकाला पुढे ओढलं होतं.

"सांग परत."

"टाकी, बाई. टाकीसारखा," सानिका म्हणाली.

"सावंत सर, पोरं खाली नाय न्यायची. वर चला."

"अहो, पण हेडसर मैदानावर..."

"हेडसरांना मी बघतंय. इकरं! वर!"

आगरी बोली ऐकली आणि मी नववीसकट वळलो. वरच्या मजल्यावर आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि पाण्याच्या बाटल्यांनी रुमाल भिजवले. बाई मात्र वर आल्या नाहीत. तोंडाला ओला पदर बांधून त्या खाली ऑफिसात गेल्या, हेडसरांच्या हातातून माइक घेतला आणि मैदानावर उतरलेल्या वर्गांना वर बोलावलं. ती पोरं आली ती खोकत, डोळे चोळत. काहींना डॉक्टरकडे न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळी घरी गेली, हे आमचं नशीब. बाई सगळ्यांच्या शेवटी वर आल्या, डोळे लाल. मी चिडून म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही म्हणजे तुम्हाला वायू बाधत नाही असं नव्हे." त्या खोकत खोकत म्हणाल्या, "ते मी शिकवते, सर."

कोणालाही वाटेल की ह्यानंतर बाईंचा सत्कार झाला असेल. उलट घडलं. पालक घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला हाताशी असेल ते बंद करावंसं वाटतं. कारखाने काही त्यांच्या हाताशी नव्हते, शाळेची प्रयोगशाळा होती. त्यात बाईंना वास येत नाही ही बातमी बाहेर पडली. संस्थेने पालकसभा बोलावली. प्रयोगशाळा बंद करायची, बाटल्या हलवायच्या, तिथे मोठा स्क्रीन लावायचा, हे जवळजवळ ठरूनच आलं होतं. बाईंच्या निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. पण आपण आहोत तोवर सोडाच, आपल्यानंतरही एकही पोर परीक्षानळी न धरता दहावी होता कामा नये, हा त्यांचा ध्यास होता, आणि तोच आता मोडणार होता. सभेआधी मी विचारलं, "भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून तर चाललेय."

अध्यक्षांनी सुरुवात केली. बाईंच्या धाडसाचे आभार मानले आणि 'पण' म्हणाले. ज्या शिक्षिकेला वास येत नाही तिच्या हाती रसायनं कशी द्यायची? मागून एक पालक ओरडले, "आधीच गावभर केमिकल, आता शाळेत कशाला?" टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं.

बाई उठल्या. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून अध्यक्षांसमोर ठेवलं. आम्ही शिक्षक तेवढे हसलो.

"माझं नाक गेलं हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पोरं माझ्या नाकानं वर नाही गेली. सानिकाच्या नाकानं गेली. तिला तो वास कुठे भेटला होता? प्रयोगशाळेत. चिमूटभर, खिडक्या उघड्या ठेवून, मी शेजारी असताना. तिथे भेटला नसता तर पहिल्यांदा त्या दिवशीच भेटला असता. तुम्ही बाटल्या न्याल. गावातला वारा कुठे नेणार आहात?"

सभेला ते पटल्यासारखं दिसलं नाही. मग मधल्या रांगेतून एक बाई संकोचत उभ्या राहिल्या. सानिकाची आई.

"मला बोलायचं नव्हतं, लोक हसतील म्हणून," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी मी बाथरूम घासत होते. लादीवर ॲसिड टाकलं, डाग जाईनात, म्हणून वरनं ब्लीचिंग पावडर टाकली. म्हटलं दोन्ही मिळून चांगलं निघेल. सगळ्याच टाकतात हो. दार लावलेलं. सानिकानं बाहेरून दार ढकललं, हातानं असं असं केलं, आणि 'आई, टाकी! बाहेर ये!' करून दंडाला धरून ओढलं मला. मी तिलाच ओरडले. मग अशी खोकले, की बसलेच." त्यांनी साडीचा पदर तोंडावर धरला. "तेव्हा तुमची ती खोली बंद करू नका."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगांतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्यातल्या किती जणींनी तेच केलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

अध्यक्षांनी पेल्यातलं पाणी खरंच प्यायलं. मग निर्णय सांगितला. म्हात्रे बाई निवृत्त होईपर्यंत प्रयोगशाळा चालू राहील, पुढचं पुढे बघू. अट एकच, की प्रात्यक्षिकाला ज्याला वास येतो असा एक मोठा माणूस हजर पाहिजे. हेडसरांनी सभागृहभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. अशा रीतीने मराठीचा एक शिक्षक रसायनशास्त्राचं नाक झाला. माझ्या घरी अजून त्यावरून थट्टा होते.

त्या दीड वर्षात मी बाईंच्या जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या स्वतः शाळेत शिकत असतानाही खाल्ल्या नसतील. "सावंत सर, मान मागे! निबंध लिहायचाय का त्याच्यावर?" पण त्यांच्या मनात 'पुढचं पुढे बघू' रुतून बसलं होतं. शेवटच्या वर्षी त्यांनी दहावीबरोबर नववीलाही बोलावायला सुरुवात केली, शाळा सुटल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून. एकूण एक पोराला नाक केलं. मी म्हटलं, "एवढी दमता कशाला? तुम्ही गेल्यावर कुलूप लावतीलच."

"कुलूप बाटल्यांना लावतील. पोरांच्या सवयीला कसं लावतील?"

शेवटच्या प्रात्यक्षिकानंतर पोरं गेली आणि बाई भांडी विसळत होत्या. प्रत्येक चंचुपात्र विसळण्याआधी त्या त्यावरून हात फिरवत होत्या. मला राहवलं नाही.

"बाई, काही येत नाही, तरी कशाला?"

"सवय मोडली, आणि नेमका त्याच दिवशी आला तर? हुकायचा ना."

बाई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. गुच्छावरूनही त्यांनी हात फिरवला.

जूनमध्ये नवे सर आले. तरुण, हुशार, लॅपटॉपवाले. प्रयोगशाळेत स्क्रीन लागलाच होता. पहिल्या तासाला त्यांनी स्क्रीन सुरू केला आणि दहावीचा वर्ग उभा राहिला तो बसेचना. अर्ध्या तासातच ते माझ्याकडे आले, घाम पुसत.

"सावंत सर, पोरं विचारतायत, आज नाक कोण. मी म्हटलं बसा, तर म्हणतात, आधी नाक ठरवा. नाक म्हणजे काय हो?"

मी उठून माठातलं पाणी भरून त्यांना दिलं. मग सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः अध्यक्षांकडे गेले आणि महिन्याभरात बाटल्यांचं कपाट उघडलं. अट तीच राहिली, पण आता नव्या सरांना वास येतो, म्हणून माझी नोकरी गेली.

हे बाईंना सांगायला त्या रविवारी मी मानपाड्याला गेलो. घरी नव्हत्या. नाक्यावर मासळीवाल्यांच्या ओळीत सापडल्या, पदर खोचून, पिशवी घेऊन. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोळे भरले ते पदराने पुसले.

"पहिलं नाक कोण झालं?"

"तो मागच्या बाकावरचा, कधी बोलत नाही तो. लिटमसच्या आधीच सांगितलं म्हणे, कैरीच्या लोणच्याची बरणी उघडल्यासारखं."

"ॲसिटिक," बाई म्हणाल्या. "बोलला तर."

मग त्या समोरच्या मासळीच्या पाटीकडे वळल्या. मान मागे ठेवली आणि पाटीतल्या बांगड्यांवरून दोनदा हात फिरवला. पाटीवरची म्हातारी कोयता खाली ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. रोजचंच असावं ते.

"आला का गो?" तिने विचारलं.

"नाय आला. उद्या बगू," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पाटीकडे गेल्या.